अनुपमच्या नावावर मिळवलेले होकार

कर्जत,
रविवार, दुपार

ति. अनसूयाताईस,

तुझ्या एकुलत्या एका, धाकट्या आणि सध्या तोंड लपवून घरात बसलेल्या भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींनी रात्रीचा भात सोडला, की अजूनही 'एवढासाच वाढ' म्हणत पातेलं खरवडतात? इकडे सगळं बरं आहे. हिची कंबर बरी आहे, माझा रक्तदाब बरा आहे, गॅलरीतल्या मिरचीला फुलं आली आहेत. फक्त मला माणसांत जायची लाज वाटते. खरंच सांगतो ताई, हल्ली दाढी करताना मी आरशात हनुवटीच्या वर बघत नाही. कशेळ्याची एसटी समोरून येताना दिसली तर रस्ता ओलांडून पलीकडे जातो आणि पानाच्या टपरीकडे तोंड करून उभा राहतो. (पान मी खात नाही हे टपरीवाल्यालाही माहीत आहे. तो काही बोलत नाही, पण बघतो.)

ही गोष्ट फोनवर का नाही सांगितली म्हणशील. तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि भाजी निवडायला बसतेस. मागे मी भावोजींच्या बहिणीबद्दल जे काही बोललो (ते खरं होतं, पण तो मुद्दा वेगळा), ते त्यांच्या बहिणीने तुझ्या शेजारी बसून वाटाणे सोलता सोलता ऐकलं. व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक लिहिलं तर तू न वाचता नुसता अंगठा पाठवतेस. म्हणून हे कागदावर. एकटी असताना वाच. अनुपम घरात असेल तर वाचूच नकोस, कारण या सगळ्या प्रकरणात त्याचा फार उपयोग झाला आहे आणि त्याला त्याचा पत्ताही नाही.

तर झालं असं. मोहोपाड्याच्या कंपनीत मी उभी नोकरी पर्सोनेल खात्यात काढली हे तुला माहीत आहेच. काम एकच, लोकांना नाही म्हणायचं. रजा नाही, बदली नाही, पोराला कामावर लावणं नाही. कुणाची आजी आत्तापर्यंत कितीदा वारली हे मला तोंडपाठ असायचं. निवृत्त झाल्यावर ती सवय जाईल असं हिला वाटलं होतं. ती गेली नाही, घरात आली. मी भाजीवाल्याला नियम दाखवायला लागलो, सोसायटीच्या वॉचमनची हजेरी घ्यायला लागलो, हिने माहेरी जाते म्हटलं की 'कारण?' असं विचारायला लागलो. शेवटी हिनेच कुठूनतरी बातमी काढली की मुंबईची एक संशोधन संस्था कर्जत-खालापूर भागात लोकांच्या तब्येतीची पाहणी करणार आहे आणि तिला शिकलेली, बोलकी, गावं माहीत असलेली माणसं हवी आहेत. 'बोलकी' हा शब्द ऐकल्याबरोबर तिने माझा अर्ज भरून पाठवलासुद्धा. मला विचारलं नाही. (संमतीबद्दल मला पुढे पुष्कळ लिहायचं आहे, म्हणून हे इथेच सांगून ठेवतो.)

आम्हाला शिकवायला सुरभीमॅडम आल्या. मॅडम म्हणायचं म्हणून म्हणायचं, नाहीतर आपल्या अनुपमपेक्षाही लहान पोरगी. पण समजावून सांगायची हातोटी चांगली. घरात गेलं की हातातल्या टॅबवर मोठ्या माणसांची नावं घालायची. मग टॅब चिठ्ठी टाकल्यासारखं त्यातलं एक नाव काढतो. त्याच माणसाशी बोलायचं, घरच्यांनी ढकलून दिलेल्या माणसाशी नाही. बोलायचं तेही एकट्याशी, बाकीच्यांना बाहेर बसवून. मग उंची आणि वजन. आणि सगळ्यात शेवटी एक परवानगी मागायची, की बाबा, तुम्ही आत्ता जे सांगितलंत त्याच्याशी तुमची सरकारी दवाखान्यातली आणि आरोग्य कार्डावरची नोंद जोडून अभ्यास केला तर चालेल का? नाव-गाव काढून टाकतो. हो म्हणा, नाही म्हणा, तुमची मर्जी. ही परवानगी कशासाठी मागायची ते मॅडमनी जेवणानंतर समजावलं. जेवणात मसालेभात आणि श्रीखंड होतं आणि मी मागच्या रांगेत पंख्याखाली होतो. मला जाग आली तेव्हा टाळ्या चालल्या होत्या, म्हणून मीही वाजवल्या.

काम सुरू केलं आणि पहिला धक्का बसला तो असा की लोक सगळं सांगतात. अगं, नको तेवढं सांगतात! खालापूरच्या बाजूला अंबूबाई म्हणून एक म्हातारी भेटली. तिने मला पोराचं पिणं सांगितलं, सुनेची बाळंतपणं सांगितली, स्वतःच्या पोटाचं ऑपरेशन सांगितलं, आणि माझा विश्वास बसावा म्हणून पदर सरकवून टाक्यांची खूणसुद्धा दाखवायला निघाली. मी कौलं मोजत बसलो. दोनदा चहा झाला. अख्खी दुपार अशी गेल्यावर मी ती शेवटची परवानगी मागितली, आणि म्हातारीचा चेहरा बदलला. म्हणाली, "म्हंजे? मी सांगितलं ते तुला खोटं वाटतंय?" मी म्हटलं, तसं नाही हो आजी, नुसतं ताडून बघायचं. "त्येच ते. माझ्या तोंडावर विश्वास नाय, तर मघाशी चहा कशाला पिलास रं?" आता याला पर्सोनेलच्या नियमात उत्तर नाही.

पुढे सगळीकडे हेच. समोर बसून विचाराल ते सांगू, पण आमच्या पाठीमागे जाऊन बघायचं नाही. मोहोपाड्याच्या कॉलनीत म्हणाले, कंपनीला कळलं तर? नेरळच्या नव्या टॉवरमध्ये तर दार न उघडताच माझ्या ओळखपत्राचा फोटो काढून घेतला आणि 'थँक्यू अंकल' म्हणाले. एकच बाई चटकन हो म्हणाली. तिचं म्हणणं, घ्या बाई सगळं कागदावरून, म्हणजे मला सासूबाईंच्या कानावर जाईल असं मोठ्याने बोलायला नको. (सासूबाई दाराबाहेर होत्या, पण दाराला लागून होत्या.) रोज संध्याकाळी ग्रुपवर तक्ता यायचा. त्यात होकारांचा एक रकाना असायचा आणि नकारांचा एक. मी फक्त होकारांचा वाचायचो, आणि तिथे माझं नाव तळाला असायचं. माझ्या वर कोण, तर कालची कॉलेजातली पोरं! ज्याने शेकडो कामगार हाताळले त्याला साधं 'हो' मिळवता येऊ नये? मला रात्री नीट झोप लागेना. हिने विचारलं तर मी ॲसिडिटी म्हणून सांगायचो.

मग कशेळ्याच्या बाजूला एका घरी गेलो. तुला आपल्या भागाची रीत ठाऊकच आहे, पाण्याचा तांब्या पुढे यायच्या आत तुमी कुठले, मूळ गाव कुठलं, मामाचं गाव कुठलं, हे झालं पाहिजे. घरातले म्हातारबाबा नात्यातून नात्यात उतरत आपल्यापर्यंत आले आणि आपल्यातलेच निघाले. त्यांनी विचारलं, घरात लग्नाचं कोण हाय? मी आपलं बोलण्याच्या ओघात सांगितलं, भाचा आहे, पुण्याला असतो, कॉम्प्युटरमध्ये. झालं. मुलाखत झाली, शेवटी मी दबकत दबकत परवानगी मागितली, आणि म्हातारबाबा खुलले की! म्हणाले, "चौकशी ना? करा की. खुशाल करा. दवाखाना बघा, शाळा बघा, आमच्या व्याह्यांना इचारा. लपवायला हाय काय आमच्याकडं?" आणि टॅबवर अंगठा दाबून मोकळे. आतल्या खोलीत कुणा लग्नाच्या पोरीच्या बांगड्या वाजल्या, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

ताई, बघ ना. लग्न ठरवताना आपण काय करतो? समोरच्यांनी सांगितलेलं ऐकून घेतो, लाडू खातो, आणि मग किराणावाला, कंपाउंडर, शाळेतले गुरुजी, एसटीचा कंडक्टर अशा सगळ्यांना गाठून तेच पुन्हा विचारतो. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. उलट चौकशी झाली नाही तर घर चिडतं, की आमच्या मुलीची कुणी चौकशीसुद्धा केली नाही. अंबूबाईला जे टोचलं तेच या घरात मानाचं झालं. त्या क्षणी मी तोंड उघडलं होतं बरं का. 'तसं नाही हो बाबा' एवढंच म्हणायचं होतं. पण टॅबवर हिरवी खूण उमटली होती. मी ती बघितली आणि तोंड मिटलं.

तिथे थांबलो असतो तरी एक वेळ तुझ्यासमोर उभं राहता आलं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून मी, तुझा भाऊ, दारातल्या चपला बघून घरात लग्नाची मुलगी आहे का हे ओळखायला लागलो, आणि असली की अनुपमचा विषय आपणहून काढायला लागलो. खोटं मी काही बोललो नाही. माझी युक्ती फार साधी होती. 'भाचा आहे, पुण्याला असतो' एवढं म्हणायचं आणि पाणी प्यायचं. बाकीचं काम लोकच करत. मी तांब्या खाली ठेवीपर्यंत त्यांच्या मनात मांडव पडलेला असायचा. तुझा अनुपम असा कशेळ्यापासून खालापूरपर्यंत घरोघर फिरला. माझं नाव तक्त्यात वर चढलं. हिने विचारलं, अहो, काय जादू केलीत? मी म्हटलं, अनुभव. आणि दुसरी पोळी मागितली.

आता येसाजीचं सांगतो. येसाजी म्हणजे भातशेती करणारा, सरळ, कमी बोलणारा माणूस. बायको गौराबाई. मुलगी हर्षला, कॉमर्स शिकलेली, एका फार्महाऊसच्या ऑफिसात काम करते, त्या दिवशी सुट्टीवर घरी होती. ओटीवर बसलो, आपल्यातलेच निघाले, भाच्याचं बोललो, पाणी प्यायलो. मग टॅबवर तिघांची नावं घातली, आणि त्या मेल्या टॅबने काढलं कुणाचं नाव, तर हर्षलाचं! मी म्हणालो, मला तुमच्या मुलीशी बोलायचं आहे, एकटीशी, तुम्ही जरा बाहेर थांबा. हे अगदी नियमाप्रमाणे होतं. पण येसाजीने गौराबाईकडे बघितलं, गौराबाई आत धावली आणि ठेवणीतली साडी नेसून, ओलं खोबरं घातलेले पोहे घेऊनच बाहेर आली. हर्षला मात्र घरातल्याच कपड्यांत, कपाळाला आठी घालून आली. प्रश्नांची उत्तरं तिने नीट दिली. मग मी पिशवीतून मोजपट्टी काढली. ताई, मी त्या पोरीला भिंतीला टेकवून उभं केलं आणि तिची उंची मोजली. मग काटा काढला आणि वजन घेतलं. खिडकीत गौराबाई, तिच्या जावा आणि शेजारणी, सगळ्या दाटीवाटीने उभ्या. "उंचीबी बघतात गं!" "बघू दे की. मोठी माणसं, नीट बघूनच घेणार." मला ऐकू आलं, हर्षलालाही आलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी काट्याचा आकडा पुन्हा तपासला.

शेवटचं परवानगीचं पान तिने माझ्या हातून घेऊन स्वतः वाचलं. कुठली नोंद, कोण बघणार, नाव खरंच काढतात का, असं रीतसर विचारलं. मी रीतसर सांगितलं. मग ती म्हणाली, "बाकी सगळं चालेल काका. हे नाही." मी म्हटलं, विचार करून सांग. ती म्हणाली, विचार केलाय. इथे माझं काम संपलं होतं. नकार लिहायचा, आभार मानायचे, चप्पल घालायची. पण मला सलग होकारांची चटक लागली होती. मी रकाना मोकळा ठेवला, अंगणात गेलो आणि येसाजीला, कामगाराच्या बापाला बोलावून सांगावं तशा आवाजात सांगितलं, "तुमची मुलगी दवाखान्याची नोंद बघू देत नाही म्हणते."

त्याचा चेहरा उतरला. तो मला हाताला धरून पेंढ्याच्या उडवीमागे घेऊन गेला. माझा हात त्याने दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "पाव्हणं, एवढ्यावरनं मोडू नका. ती बारकी होती तवाची गोष्ट हाय," आणि त्याने मला एक गोष्ट सांगितली. काय सांगितलं ते मी तुला लिहिणार नाही. तू आता पान उलटून बघशील, मागे लिहिलंय का म्हणून. मागेही नाही. फार मोठं काही नव्हतं आणि आता त्यातलं काही उरलेलंही नाही, पण स्थळ घेऊन आलेल्याला कळलं तर तो पुन्हा येत नाही, अशातलं होतं. सांगताना त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "पोरीचा जल्म हाय, कुणाला बोलू नका," म्हणाला. माझा हात त्याच्या हातात होता, आणि तो हात नवऱ्यामुलाच्या मामाचा आहे असं तो समजत होता. तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं ना गं? मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, "बघू." उभी नोकरी कामगारांच्या तोंडावर जो शब्द फेकला तोच. वळलो तर उडवीच्या कडेला हर्षला उभी. तिने सगळं ऐकलं होतं.

घरी आलो. गवारीची भाजी होती, माझी आवडती, ती ताटात तशीच राहिली. येसाजीने सांगितलेली ती गोष्ट वगळून हिला सगळं सांगून टाकलं. हिने लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही त्या पोरीला मापलंत? आईबापासमोर?" मी म्हटलं, नियमात आहे. तिने गॅस बंद केला आणि उरलेली कणीक झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सुरभीमॅडमकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला पाणी दिलं, आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "काका, ही पाहणीच त्यासाठी आहे. लोक हो कधी म्हणतात, नाही कधी म्हणतात, आणि का म्हणतात. त्यांचं 'नाही' हेसुद्धा आम्हाला तितकंच हवं आहे. तुम्ही अंबूबाईंचं म्हणणं लिहून पाठवलं होतंत ना, ते मी मुंबईला सगळ्यांना वाचून दाखवलं. तेवढं चांगलं उत्तर कुणालाच मिळालेलं नाही." म्हणजे बघ ताई, मी तळाला होतो तेव्हा माझं काम सगळ्यात चांगलं चाललं होतं. आणि वर चढलो ते सगळं आता पुसून टाकायचं. मी ज्यांचं 'नाही' पळवलं त्यांचं खरं उत्तर आता कुणाला कळणार नाही. मसालेभात खाऊन झोपलो होतो, असं मी तिला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, त्या घरांना मी जाऊन सांगते. मी म्हटलं, नाही, मी जातो. या सगळ्या प्रकरणात हे एक वाक्य मी बरं बोललो असेन.

मग मी निघालो माफी मागत. म्हातारबाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण भाचा हाय ना खरा?" एका घरी मला उभ्या उभ्याच परत पाठवलं. एका घरी बाई इतकी हसली की मला आणखी लाज वाटली. शेवटी येसाजीकडे गेलो. गौराबाईने पाणी दिलं, चहा विचारला नाही. मी ओटीवर उभं राहून सगळं सांगितलं, होकारांच्या चटकेचंसुद्धा. येसाजी जमिनीकडे बघत होता. बोलली ती हर्षला. म्हणाली, "तुम्ही आल्या आल्या दिलेला माहितीचा कागद मी बाबांना वाचून दाखवला होता. त्यांनी त्यांना हवं तेवढंच ऐकलं. पण तुम्हाला तर माहीत होतं." मी म्हटलं, हो. "बाबांनी जे सांगितलं ते कुणाला सांगायचं नाही. घरी काकूंनापण नाही." मी म्हटलं, नाही सांगणार. "माझ्या उत्तरापुढे काय लिहिलंत?" मला सांगावं लागलं की ते अजून मोकळंच आहे, बापाकडून होकार येईल म्हणून ठेवलं होतं. टॅब अजून माझ्याकडेच होता. ती म्हणाली, माझ्यासमोर लिहा. मी सांगितलं, आता हे सगळं रद्द होणार आहे, हे कुठे मोजलं जाणार नाही. ती म्हणाली, "असू दे. लिहा." मी 'नाही' लिहिलं आणि तिला दाखवलं. तिने वाचलं आणि आत गेली.

तर असा मी. तुझ्या भावाबद्दल दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक, म्हणून लिहिलं. भावोजींना नमस्कार. भाताचं बघ.

तुझा,
शशिकांत

ता. क. : वर एक गोष्ट लिहायची राहिली. म्हणजे राहिली नाही, लिहायला धीर झाला नाही. काही घरांनी मुलाच्या आईचा नंबर मागितला तेव्हा मी तुझा दिला आहे. ओळखीतला नसलेला नंबर आला आणि पलीकडची बाई उगाच गोड बोलायला लागली, तर समजून घे. त्यांना रागावू नकोस. सगळा दोष मामाचा म्हणून सांग.

दुसरा ता. क. : येसाजी मला स्टॉपपर्यंत पोचवायला आला. मला वाटलं, घरात बायकांसमोर बोलला नाही, आता रस्त्यावर शिव्या घालणार. तसं काही झालं नाही. म्हणाला, त्यानेही चौकशी केली होती. त्याच्या मेहुण्याचा टेंपो भाजी घेऊन पुण्यात तुमच्या भागात येतो. त्या टेंपोवाल्याने तुमच्या बिल्डिंगखालच्या इस्त्रीवाल्याला विचारलं. आणि येसाजी मला म्हणाला, "तुमच्या भाच्याचं लगीन तर गेल्या माघातच कोर्टात झालं. सून घरात हाय. लगीन झालेला पोरगा घेऊन फिरत होता व्हय तुमी?" मी म्हटलं, काहीतरीच काय, मी त्याचा मामा आहे. मग त्याने मला सुनेच्या साड्यांचे रंगसुद्धा सांगितले, इस्त्रीला येतात ते. ताई, मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. त्याने वाकून माझा चेहरा बघितला. मग म्हणाला, "मामाला नाय सांगितलं?" आणि ज्याला मला जोड्याने मारायचा हक्क होता तो माणूस माझ्या शेजारी बसला, तंबाखू मळून माझ्यापुढे धरली, आणि गाडी येईपर्यंत उठला नाही. मी खात नाही. मी घेतली.

तिसरा ता. क. : का सांगितलं नाहीस ते मी विचारणार नाही. मुलगी आपल्यातली नसणार, आणि माझं तोंड तुला माहीत आहे. मी मांडवात काय काय बोललो असतो ते मला आत्ता बसल्या जागी ऐकू येतं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, खूप वाटलं. भाच्याच्या पाठीशी मामा उभा राहतो, तिथे कोर्टात कोण उभं राहिलं असेल, हेच मनात येतं. आणि तुझ्या नंबरावर आलेला एखादा फोन त्या मुलीनेच उचलला असेल, पलीकडच्या बाईने 'मुलाचं स्थळ' म्हणून सुरुवात केली असेल, हे मनात आलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण ताई, तू मला सांगितलं नाहीस, म्हणजे ते तुझं 'नाही' होतं. येसाजीने इस्त्रीवाल्याकडून काढून मला ते आणून दिलं. आता ते माझ्याकडे आहे आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. हिलाही अजून बोललेलो नाही. म्हणून हे एवढं मोठं पत्र. बाकी सगळं मी एवढं विचारण्यासाठी लिहिलं, की मला हे माहीत असलेलं तुला चालेल का? चालत असेल तर तिचं नाव कळव. चालत नसेल तर तसं लिही. मग गणपतीला आम्ही आलो आणि ती चहा घेऊन बाहेर आली, तर मी कप घेईन आणि ही कोण म्हणून विचारणार नाही. तुझं 'नाही' आलं तर मी ते 'नाही' असंच वाचीन. पुन्हा विचारायला येणार नाही.